सतरा नंबरचं नाव

आमच्या समोरच्या म्हात्रे सरांना रोज सकाळी सात वाजता माझी बेल वाजवून एक आकडा सांगायची सवय आहे. सकाळी भेटलेला माणूस "पाणी आलं का?" विचारतो, "उकाडा किती झालाय" म्हणतो. हे म्हणतात, "काकू, दोनशे बारा." मग दुधाची पिशवी घेतात आणि जातात.

पिशवी माझ्याकडे असते, कारण पूर्वी ती त्यांच्या कडीला लटकलेली असायची आणि सरांच्या लक्षात येईपर्यंत तिच्यातल्या दुधाचं दही होऊन जायचं. शेवटी दूधवालाच कंटाळला आणि दोन्ही घरांच्या पिशव्या माझ्या दारात ठेवायला लागला. मला कुणी विचारलं नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली.

आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो एकशे ऐंशीच्या आसपास होता. मला वाटलं, रक्तातली साखर सांगतायत. मी म्हटलं, "जास्त आहे. रात्रीचा भात बंद करा."

"जास्त कुठे, काकू? वाढायला हवा."

मी म्हटलं, "आधी डॉक्टर बदला."

मग कळलं की सर स्वतःच डॉक्टर आहेत, पण औषध देणारे नाहीत. ठाण्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि उरलेल्या वेळात क्वांटम नावाच्या विषयावर लेख लिहितात. ते परदेशातल्या मासिकांत छापून येतात. मासिक म्हणजे पाककृती आणि राशिभविष्य असलेलं नव्हे. त्यात शब्द थोडे आणि बाकी सगळी गणितं. जगात कुठे कुणी दुसऱ्याने आपल्या लेखात सरांच्या लेखाचं नाव घातलं की सरांचा आकडा एकाने वाढतो. तो कॉम्प्युटरवर दिसतो. सर उठल्या उठल्या, तोंडही न धुता, तो बघतात.

त्यांच्या विषयाबद्दलही मी एकदा विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं, "एक कण असतो, काकू. बघितला नाही तोवर तो दोन्ही ठिकाणी असतो. बघितला की एकाच ठिकाणी सापडतो."

मी म्हटलं, "यात नवीन काय? आपला प्लंबर तसाच आहे. फोन केला की तो इथे यायलाही निघालेला असतो आणि तिकडे जायलाही. बघायला जावं तर तिसऱ्याच्याच घरी."

सर हसले नाहीत. विचार करत घरी गेले. दुसऱ्या दिवशी आकडा सांगून झाल्यावर म्हणाले, "तुमचा प्लंबर वर्गात सांगितला. तुमचं नाव घेऊन सांगितला."

ही त्यांची दुसरी खोड. ज्याचं वाक्य त्याचं नाव घेतल्याशिवाय ते बोलत नाहीत, आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाहीत. एकदा वॉचमन सांगायला आला, "सर, आज नऊ वाजता पाणी जाणार, भरून ठेवा."

"कुणी सांगितलं?"

"कर्णिक साहेबांनी." कर्णिक म्हणजे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी.

"त्यांना कुणी सांगितलं? मूळ संदर्भ काय?"

वॉचमन बिचारा दोन मजले उतरून कर्णिकांकडे गेला, तिथून विचारून परत दोन मजले चढून आला. तोवर पाणी गेलं होतं. संदर्भ बरोबर निघाला. सरांच्या घरात एकही बादली भरलेली नव्हती. मी दोन कळश्या दिल्या आणि म्हटलं, "यांचा मूळ संदर्भ माझा नळ."

तिसरी खोड म्हणजे 'तत्त्वतः' हा शब्द. गॅस संपला का विचारलं की सर म्हणतात, "तत्त्वतः नाही." म्हणजे तो संपलेला असतो. कुकर नीट चालतो का? "तत्त्वतः चालतो." म्हणजे शिट्टी हरवलेली असते. सर मूळचे शहाडकडचे, वय अठ्ठावन्न, घरात एकटेच. लग्न का केलं नाही म्हणून मी एकदा सरळ विचारलं. म्हणाले, "तत्त्वतः ठरलं होतं." मी पुढे विचारलं नाही. कुकरच्या शिट्टीसारखंच काहीतरी हरवलं असणार.

मी चौथी शिकले. तरी लेखात नाव घालण्याची भानगड मला लगेच समजली, ती मसाल्यामुळे. आमच्या बिल्डिंगमध्ये गोडा मसाला माझ्या प्रमाणाने होतो. दगडफूल किती घ्यायचं, तीळ कढईतून कधी उतरवायचे, खोबरं कोणत्या रंगावर थांबवायचं, सगळं माझ्याकडून नेलेलं. पण पाहुण्यांनी आमटीला चांगलं म्हटलं की कर्णिकबाई सांगतात, "आमच्या सासूबाईंची पद्धत." त्यांच्या सासूबाईंना मी ओळखत होते. त्या विकतचा वापरायच्या.

सर म्हणाले, "अगदी हेच. कर्णिकबाईंनी तुमचं नाव घेतलं असतं तर तुमचा एक वाढला असता."

"मग माझा आकडा किती?"

"शून्य."

माणूस स्पष्ट आहे. मला तसा चालतो.

या नाव घालण्याचे सरांचे तीन नियम आहेत. स्वतःच्या लेखात स्वतःचंच नाव घालून आकडा वाढवायचा नाही. फराळाचं ताट आपल्याच घरी पाठवून आपणच 'छान झालंय' म्हणण्यासारखं ते. तू माझं घाल, मी तुझं घालतो, असं हळदीकुंकवासारखं करायचं नाही. आणि लेखाशी संबंध नसेल तर कुणाचंच नाव घालायचं नाही, मग तो सख्खा भाऊ असो नाहीतर साहेब असो. या शेवटच्या नियमावर ते माझ्या दारात उभे राहून एवढा वेळ बोलले होते की माझं दूध उतू गेलं होतं. म्हणून तो मला पाठ आहे.

नियमाचा माणूस किती, तर त्यांच्या दारावरची पाटी बघा. डोंबिवलीत शिकवणी घेणारेसुद्धा नावामागे 'प्रा.' लावतात. सरांनी लावलेलं नाही. कॉलेजात ते असोसिएट का काय ते आहेत, पूर्ण प्रोफेसर नाहीत. पाटी करतानाच त्यांनी 'डॉ.'च्या आधी दोन बोटं जागा मोकळी सोडायला सांगितली. पद मिळालं की तिथे 'प्रा.' येणार. चौदा वर्षं ती जागा मोकळी आहे. नवीन कुरिअरवाला आला की त्याला वाटतं अक्षरं गळून पडली.

आणि ते म्हशींचं प्रकरण.

एका सकाळी सात वाजायच्या आधीच बेल वाजली. सर बनियनवर होते. "काकू, सहाशे सत्तेचाळीस!"

"कालपर्यंत दोनशे बारा होता ना?"

"एका रात्रीत! कुणीतरी माझं काम उचलून धरलंय!"

संध्याकाळी ते कधी नव्हे ते पेढे घेऊन आले. कर्णिकांना तर असं काहीतरी हवंच असतं. दोन दिवसांत गेटवर फ्लेक्स लागला. 'आपल्या सोसायटीची शान, जागतिक शास्त्रज्ञ.' सरांचा फोटो लहान आणि खाली शुभेच्छा देणाऱ्या कर्णिकांचा मोठा.

तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून बघितलं तर सर खाली गेटपाशी, स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या कात्रीने फ्लेक्सच्या दोऱ्या कापत होते. कर्णिक खाली उभे. मीही खाली गेले.

झालं होतं असं की, कोकणात गुरांचे एक डॉक्टर आहेत, त्यांचं आडनाव म्हात्रे आणि पहिलं अक्षरही सरांचंच. आमच्या ठाणे-रायगडाकडे म्हात्रे काय कमी आहेत? लेखावर पूर्ण नाव छापत नाहीत, नुसतं अक्षर आणि आडनाव. कॉम्प्युटरने दोघांचा हिशोब एक केला. ते डॉक्टर म्हशींच्या कासेच्या आजारावर लिहितात. चारशे पस्तीस जणांनी नाव घेतलं होतं ते म्हशींसाठी.

कर्णिक म्हणाले, "सर, राहू द्या की. कुणाला कळतंय? म्हशी तक्रार करणार आहेत का?"

"मला कळतंय," सर वरून म्हणाले.

"तुमची प्रोफेसरची मुलाखत आहे ना? तिथे आकडा बघतात म्हणे. सहाशे कुठे, दोनशे कुठे!"

सरांनी शेवटची दोरी कापली. फ्लेक्स कर्णिकांच्या डोक्यावर पडला. मी म्हटलं, "पेढे म्हशीच्याच दुधाचे होते. तेवढा संदर्भ बरोबर आहे."

सरांनी आकडा कॉम्प्युटरवर दुरुस्त करून घेतला आणि त्या गुरांच्या डॉक्टरांना पत्रही लिहिलं, की आपले चारशे पस्तीस चुकून माझ्याकडे आले होते, ते परत करतो आहे. त्यांचं उत्तर आलं. आभारी आहे, पण असं काही मोजतात हे मला माहीत नव्हतं, असं त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र सरांनी मला दोनदा वाचून दाखवलं. फ्लेक्स उतरवल्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं.

पण मुलाखतीचं कर्णिक खोटं बोलले नव्हते. सरांना रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती आणि प्रोफेसर व्हायची ही शेवटची संधी होती. बाकी सगळं जमत होतं, मोठ्या मासिकात एक लेख कमी पडत होता. तो मुलाखतीच्या आधी मंजूर व्हायला हवा. सरांनी वर्षभर खपून लेख लिहिला आणि पाठवला. त्या दिवसांत पिशवी घेताना आकडा सांगायचे आणि म्हणायचे, "अजून उत्तर नाही."

उत्तर आलं ते एका रविवारी. मी पोळ्या लाटत होते. सर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

लेख छापायच्या आधी दोघांना तपासायला देतात. दोघांची नावं सांगत नाहीत. पहिल्याने लिहिलं होतं, उत्तम, छापा. दुसऱ्याने लिहिलं होतं, लेख चांगला आहे, पण लेखाशेवटी ज्यांची नावं घातली आहेत त्या यादीतलं सतरा नंबरचं नाव काढा, त्याचा या लेखाशी संबंध नाही. आणि त्याऐवजी खाली दिलेले चार लेख घाला. ते चारही लेख एकाच माणसाचे होते.

मी म्हटलं, "म्हणजे हा तपासणारा तोच की. माझ्या नावाने मसाला विका म्हणतोय."

"तत्त्वतः तसं सांगता येत नाही," सर म्हणाले. "पण तोच आहे."

"मग घाला त्याची चार नावं, आणि काढा तो सतरा नंबर. पाटीवर अक्षरं लावायला माणूस कधी बोलवू ते सांगा."

"चार नावं एकवेळ घालीन. नाक दाबून. सतरा काढणार नाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. लाटणं खाली ठेवलं. "का? त्याचा संबंध आहे का लेखाशी?"

सरांनी पोळ्यांच्या डब्याचं झाकण नीट लावलं.

"मी चौथी शिकलेली बाई आहे, तुम्हीच मला नियम शिकवलात. संबंध नसेल तर कुणाचं नाव नाही. सख्ख्या भावाचंही नाही. माझं दूध उतू गेलं होतं. आहे का संबंध?"

"तत्त्वतः आहे."

म्हणजे नव्हता. कुकरला शिट्टी नव्हती.

"मग तो लबाड माणूस एवढं एक खरं बोलला," मी म्हटलं. "आणि खोटं तुम्ही बोलताय."

"हो," सर म्हणाले, आणि घरी गेले.

त्यांनी चार नावं घातली, सतरा नंबर ठेवला आणि लेख परत पाठवला. मासिकाने तो नाकारला. मुलाखत झाली, पद दुसऱ्याला मिळालं. मी त्यांना तोंडावर मूर्ख म्हटलं. ते म्हणाले, "हे वाक्य तुमच्या नावावर लिहून ठेवतो."

आकडा सांगणं मात्र एक दिवस चुकलं नाही. दोनशे सव्वीस. दोनशे सव्वीस. दोनशे सत्तावीस.

महिन्याभराने एका दुपारी बेल वाजली. दारात एक बाई होती, चाळिशीच्या अलीकडची, खांद्याला मोठी पर्स, हातात कागदांची फाइल. "म्हात्रे सर समोरच राहतात ना? दार बंद आहे त्यांचं."

"कॉलेजात असतील. तू कोण?"

"मी प्रतिभा. सरांची विद्यार्थिनी. खूप जुनी. दिव्याहून आलेय."

आत बोलावलं, चहा ठेवला. बाई सरळ होती, विचारलं ते सांगत गेली. बारा वर्षांपूर्वी ती सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. एक लेख लिहिला, एकटीच्या नावाने छापून आला, आणि मग सोडलं.

"का सोडलंस? नवरा नको म्हणाला?"

"नाही हो. नवरा चांगला आहे. लग्नानंतर दिव्याला घर घेतलेलं. तिथे पाणी दुपारी दोनला यायचं, एक तास. तेही रोज नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. भरायला घरी कुणीतरी पाहिजे ना? मी दोनच्या आत घरी यायला लागले, मग आठवड्यातून दोनदाच कॉलेजला जायला लागले, मग सुटलंच."

"सर काही बोलले नाहीत?"

"मी सांगायला गेलेले तेव्हा म्हणाले, 'तत्त्वतः परत येता येईल.'" ती हसली. "अजून म्हणतात का तसं?"

"रोज. आणि आज का आलीस?"

तिने फाइल उघडली. मुलं मोठी झाली होती, सासूबाई गेल्या होत्या, आता एका कॉलेजात नोकरीसाठी अर्ज करायचा होता. अर्जात विचारलं होतं, किती लेख छापले, आणि त्यांचं नाव किती जणांनी घेतलं. बारा वर्षांत तिने ते कधी बघितलं नव्हतं.

"मला वाटलेलं शून्य असणार. बघितलं तर अकरा! काकू, मी स्वयंपाकघरात एकटीच हसत बसलेले. अकरा जणांनी माझा लेख वाचला! मग म्हटलं बघू तरी कोण आहेत." तिने कागद माझ्यापुढे ठेवला. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण एकाखाली एक अकरा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीची सुरुवात सारखी दिसत होती.

"अकराही सर," ती म्हणाली. "दरवर्षी एक. माझ्या लेखाचा आणि त्यांच्या आताच्या कामाचा काही संबंधच नाहीये. कुठून कुठून ओढून आणलंय मला. एका लेखात तर नुसतं 'याहून वेगळ्या पद्धतीसाठी पाहा' म्हणून घातलंय."

मी चहा गाळला. यंदा बाराव्या वेळी सतरा नंबरावर कोण होतं ते मला कळलं. ते मी तिला सांगितलं नाही. ज्याची गोष्ट त्याने सांगावी.

ती म्हणाली, "अर्जात अकरा लिहू का, काकू? बरं दिसेल का?"

"लिही. तिथे नावं कुणी विचारत नाही, आकडा विचारतात."

चहा झाल्यावर ती उठली. सरांची वाट बघणार नाही म्हणाली. "आले होते म्हणून सांगू नका. काय बोलायचं ते मला सुचणार नाही, आणि त्यांनाही." जाताना समोरच्या दाराशी थांबली, पाटीकडे बघितलं आणि विचारलं, "इथलं अक्षर पडलं का?"

"नाही," मी म्हटलं. "लागलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सात वाजता बेल वाजली.

"काकू, दोनशे सत्तावीस."

मी पिशवी पुढे केली नाही. "आणि दुसरा?"

मी वाट बघत होते, की आता विचारतील, कुणी सांगितलं, मूळ संदर्भ काय. पाणी जाणार एवढ्यासाठी वॉचमनला चार मजल्यांची चढउतार करायला लावणारा हा माणूस. त्यांनी काही विचारलं नाही.

"अकरा," ते म्हणाले. आठवावं लागलं नाही. "बारावा अडकलाय."

"मग दुसरीकडे पाठवा तो लेख."

"एक लहान मासिक आहे. पण त्याचा कुठे उपयोग होत नाही."

"उपयोगाचं जे होतं ते दुसऱ्याला मिळालं. आता पाठवा."

"पाठवलाय," सर म्हणाले. पिशवी घेतली आणि गेले.

तेव्हापासून बेल वाजली की मी दोन आकडे ऐकते. दोनशे सत्तावीस, अकरा. दोनशे अठ्ठावीस, अकरा. पहिला सांगताना सर पिशवीकडे बघतात, दुसरा सांगताना माझ्याकडे.

परवा दार उघडलं तर त्यांनी पहिला आकडा सांगितलाच नाही.

"काकू, बारा," म्हणाले आणि वळून घरी गेले. पिशवी माझ्याच हातात राहिली.